जुनं कामकाज, नेमणुका आणि तह: नगरकरांना नक्कल कुठे मिळेल, खर्च किती येईल

मुंबईची गाडी पकडण्याआधी एक गोष्ट पक्की करा. तुम्हाला हवा असलेला कागद मुळात विधानमंडळात तयार झाला होता का? बहुतेक हेलपाटे इथेच वाचतात.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांनी केलेल्या मोठ्या नेमणुका आणि परराष्ट्रांशी झालेले तह सिनेटपुढे मंजुरीसाठी जातात. त्या कामकाजाची तिथे वेगळी नोंदवही छापली जाते. आपल्याकडे अशी वही मागू नका, ती नाहीच. राज्यपाल, मंत्री, लोकसेवा आयोगाचे सदस्य, विधान परिषदेवरचे बारा राज्यपालनियुक्त सदस्य, जुन्या काळातले मामलेदार आणि मुन्सफ, यांपैकी कोणाच्याही नेमणुकीला सभागृहाची मंजुरी लागत नाही. परदेशाशी करार केंद्र सरकार करतं. त्यावर संसदेत चर्चा होते, पण सही होण्याआधी संसदेची परवानगी घ्यावी लागत नाही. देशाचा भूभाग दुसऱ्याला द्यायचा असेल तर मात्र घटनादुरुस्ती लागते. १९६० सालच्या बेरुबारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं.

म्हणून ढोबळ नियम असा: नेमणूक राजपत्रात, तह अभिलेखागारात, आणि दोन्हींवरची चर्चा सभागृहाच्या कार्यवाहीत. तिन्हींचे पत्ते वेगळे, दर वेगळे, लागणारा वेळही वेगळा.

कार्यवाही: आधी फुकट शोधा

सभागृह स्वतः ज्या निवडी करतं त्या मात्र कार्यवाहीतच सापडतात: अध्यक्ष, उपाध्यक्ष, सभापती, समित्यांचे सदस्य. याबाबतीत नगर जिल्ह्याची चैन आहे. कुंदनमल सोभाचंद फिरोदिया १९४६ ते १९५२ मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. बाळासाहेब भारदे मार्च १९६२ मध्ये महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष झाले आणि १९७२ पर्यंत त्या खुर्चीवर राहिले. चौंडीचे राम शिंदे १९ डिसेंबर २०२४ रोजी नागपूरच्या अधिवेशनात विधान परिषदेचे सभापती म्हणून निवडून आले. स्मरणिकेसाठी, प्रबंधासाठी किंवा घरातल्या कोणाच्या चरित्रासाठी अशी निवड हवी असेल तर प्रस्ताव, अनुमोदन आणि अभिनंदनाची भाषणं एकाच दिवसाच्या कार्यवाहीत मिळतात. तारीख माहीत असली की काम झालं.

पहिला थांबा महाराष्ट्र विधानमंडळाचं संकेतस्थळ. खर्च शून्य. कार्यवाहीचे खंड तिथे अधिवेशनवार पाहायला मिळतात. दोन्ही सभागृहांची कार्यवाही वेगळी असते, त्यामुळे आमदार विधानसभेचे होते की परिषदेचे हे आधी ठरवा. केंद्राच्या कामकाजासाठी संसदेचं डिजिटल ग्रंथालय आहे. ब्रिटिश काळातल्या केंद्रीय कायदेमंडळापासून आजच्या लोकसभेपर्यंतच्या चर्चा तिथे फुकट उतरवून घेता येतात. ९ डिसेंबर १९४६ पासून भरलेल्या संविधान सभेच्या चर्चाही मोफत आहेत. मुंबई इलाख्याच्या कौन्सिलची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये झाली. त्या काळाचे छापील खंड इंटरनेट अर्काइव्हवर आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या डिजिटल संग्रहात शोधा. हेही फुकटच.

शोधताना बहुतेक जण नावावर अडकतात. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. त्याआधीच्या कागदांत तो शब्द सहसा मिळणार नाही. ‘अहमदनगर’ टाका. इंग्रजीत दोन स्पेलिंगं आहेत, मधलं अक्षर कुठे ‘ई’ तर कुठे ‘ए’. १८८४ च्या गॅझेटिअरमध्ये ‘ए’ आहे. दोन्ही टाकून पाहा. अर्धवट शब्द टाकला तर अहमदाबादचे ढीगभर निकाल येतील, कारण १९६० पर्यंत दोन्ही जिल्हे एकाच राज्यात होते. सूचीत माणसाचं आडनाव आधी येतं. आणि स्कॅन केलेल्या जुन्या मराठी पानांवर संगणकाचा शब्दशोध भरवशाचा नाही. खंडाच्या शेवटची सूची उघडून डोळ्यांनीच पाहा, तेच लवकर होतं.

एक सावधगिरी. अलीकडच्या दिवसांची जी प्रत मिळते तिच्यावर ‘असुधारित प्रत, प्रसिद्धीसाठी नाही’ असं लिहिलेलं असतं. ती वाचायला ठीक आहे. कोर्टात, प्रबंधात किंवा वर्तमानपत्रात ती लावू नका. संपादित खंड यायला वेळ लागतो. आणि अध्यक्षांनी कामकाजातून काढून टाकलेला मजकूर अधिकृत कार्यवाहीत नसतोच. तो ‘आतून मिळवून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

कोर्टासाठी हवं असेल तर

इथे लोक उगाच खर्च करतात. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ७७ प्रमाणे विधानमंडळाचं कामकाज त्याच्या अधिकृत नोंदपत्रावरून किंवा सरकारच्या आदेशाने छापलेल्या प्रतीवरून सिद्ध करता येतं. जुन्या पुरावा कायद्यात हेच कलम ७८ मध्ये होतं. म्हणजे सरकारी छापील खंड हाताशी असेल तर प्रत्येक पानावर सही-शिक्क्याची प्रमाणित प्रत लागेलच असं नाही. संकेतस्थळावरून काढलेली प्रिंट लावायची असेल तर कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. तुमच्या वकिलांना आधी एवढंच विचारा: ‘छापील खंड चालेल, की प्रमाणित प्रतच हवी?’ पानं इंग्रजीत असतील तर भाषांतर लागणार आहे का, तेही त्याच बैठकीत विचारून घ्या. मुंबई राज्याच्या काळातलं बरंचसं कामकाज इंग्रजीत आहे. भाषांतरकार पानावर पैसे घेतात, आणि फूलस्केपचं पान, टाइप केलेलं पान आणि छापील खंडाचं पान यांत मजकुराचा मोठा फरक असतो. दर शब्दावर ठरवा.

अर्ज करून प्रत मागवायची तर

राज्य शासनाच्या कार्यालयांत माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो. जोडपत्र ‘अ’ भरायचं, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर १५० शब्दांत. प्रतींना ए-४ पानाला २ रुपये. टपालाने मागवलीत तर टपालखर्च वेगळा. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही, फक्त दाखल्याची प्रत जोडावी लागते. म्हणजे ६० पानांच्या प्रतीला १० अधिक १२०, असे १३० रुपये आणि वर टपाल. यापेक्षा मोठा आकडा कोणी सांगितला तर तो आकडा सरकारचा नाही.

अर्ज ऑनलाइनही करता येतो. राज्याचं माहिती अधिकार पोर्टल आहे, तिथे पैसेही भरता येतात. १० रुपयांवर थोडं सेवाशुल्क चढलेलं दिसू शकतं. सायबर कॅफेवाला हा अर्ज भरण्याचे शंभर-दीडशे मागत असेल तर मोबाइलवर स्वतः भरा. मोबाइल नंबर, ई-मेल आणि १५० शब्द, याउपर काही लागत नाही.

विधानमंडळ सचिवालयाचं मात्र वेगळं आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २८ प्रमाणे तिथले शुल्काचे नियम करण्याचा अधिकार पीठासीन अधिकाऱ्यांकडे आहे. मंत्रालयाचे दर तिथे चालतीलच असं धरून स्टॅम्प चिकटवू नका. अर्ज टाकायच्या दिवशी त्यांच्या संकेतस्थळावर शुल्क किती आणि ते कशाने भरायचं हे पाहा. चुकीच्या पद्धतीने शुल्क भरलेला अर्ज परत येतो आणि तुमचा महिना जातो.

अर्जात काय लिहाल यावर सगळं आहे. ‘आमच्या भागाच्या पाण्याबाबतची सर्व चर्चा द्यावी’ असं लिहिलंत तर उत्तर येईल: माहिती ढोबळ आहे. सभागृह, तारीख, तारांकित प्रश्नाचा किंवा लक्षवेधीचा क्रमांक आणि खंड लिहा. क्रमांक नसेल तर तारीख आणि सदस्याचं नाव तरी हवंच. आणि जे आधीच छापून प्रसिद्ध झालंय ते मागितलंत तर ‘संकेतस्थळावर उपलब्ध आहे’ अशी एक ओळ येण्याची शक्यता दांडगी. म्हणून फुकटचा शोध आधी, अर्ज नंतर.

मुदत ३० दिवस. पण शुल्क भरण्याचं पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस त्यात धरत नाहीत, म्हणून पत्र आलं की त्याच आठवड्यात भरा. मुदत उलटली तर पुढे मिळणारी माहिती मोफत द्यावी लागते. ही तरतूद कलम ७(६) मध्ये आहे, अपिलात तिचा उल्लेख करा. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर तो ५ दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणं त्यांचं काम आहे. ‘आमच्याकडे नाही’ म्हणून हात झटकता येत नाहीत. पहिलं अपील ३० दिवसांत, दुसरं ९० दिवसांत, आणि राज्याच्या नियमांत दोन्हींना २०-२० रुपयांचा स्टॅम्प. कागद का हवा हे विचारायचा अधिकार कोणालाही नाही. प्रतिज्ञापत्र, नोटरी, शंभर-पाचशेचा स्टॅम्पपेपर, यातलं काहीही या अर्जाला लागत नाही. आवाराबाहेर कोणी ते घ्यायला लावलं तर निघून या.

वीस वर्षांपेक्षा जुन्या घटनेची माहिती सहसा नाकारता येत नाही, असं सगळे सांगतात. ते खरं आहे, पण त्याला अपवाद आहेत, आणि विधानमंडळाचा विशेषाधिकार भंग होईल अशी माहिती हा त्यातलाच एक. विशेषाधिकार समितीच्या कागदांसाठी अर्ज करणार असाल तर नकाराची तयारी ठेवा.

नेमणूक हवी? राजपत्र चाळा

आजोबा मामलेदार होते, पणजोबा ऑनररी मॅजिस्ट्रेट होते, त्याचा पुरावा हवा. अशांनी विधानभवनाकडे फिरकूही नये. नेमणुका, बढत्या, रजा हे सगळं सरकारी राजपत्राच्या भाग एकमध्ये छापलं जाई. महाराष्ट्र शासन राजपत्राचे अलीकडचे अंक ऑनलाइन फुकट आहेत. जुन्या मुंबई सरकारच्या राजपत्रांसाठी राज्य अभिलेखागार किंवा मोठी ग्रंथालयं गाठावी लागतात. आजचे अंक पाहताना नाशिक विभागीय पुरवणी बघा, कारण जिल्हा त्या विभागात आहे. पण नाशिक महसूल विभाग पुढे झाला, त्यामुळे त्याआधीच्या वर्षांसाठी फक्त तीच पुरवणी शोधत बसू नका.

वर्ष अंदाजे माहीत असेल तर मागची-पुढची दोन वर्षं धरूनच जा. नेमणुकीचा आदेश आणि राजपत्रातली नोंद यांत अंतर असतं.

जिल्हा परिषदेच्या समित्यांवरच्या निवडी हव्या असतील तर मुंबई विसरा. जिल्हा परिषदा १ मे १९६२ पासून आहेत. सर्वसाधारण सभेचं प्रोसिडिंग सामान्य प्रशासन विभागाकडे मागा. तिथे १० रुपये आणि पानाला २ रुपये हेच दर. आधी ‘अवलोकनाचा’ अर्ज करा: पहिला तास मोफत असतो, नंतर नाममात्र शुल्क. प्रोसिडिंग बुक समोर घ्या, पान क्रमांक टिपा, तेवढ्याच पानांच्या प्रती मागा. आख्ख्या वर्षाच्या झेरॉक्सचे पैसे भरून त्यातली दोन पानं वापरणारे कमी नाहीत.

तह आणि करार

नगरचा किल्ला इंग्रज सेनापती वेलस्लीने १२ ऑगस्ट १८०३ रोजी घेतला. शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा तह ३० डिसेंबर १८०३ चा, आणि ज्या पुण्याच्या तहाने पेशव्यांना हा किल्ला इंग्रजांना द्यावा लागला तो जून १८१७ चा. यांची कलमं हवी असतील तर एचिसनचा तह-सनदांचा संग्रह पाहा. त्याचे खंड ऑनलाइन फुकट आहेत. पुनर्मुद्रित संच विकत घ्यायला निघू नका. तुम्हाला लागणार आहेत चार-पाच पानं. मूळ पत्रव्यवहारासाठी राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे पोर्टल आहे. नोंदणी करून शोधता येतं. स्वातंत्र्यानंतरचे परदेशांशी झालेले करार परराष्ट्र मंत्रालयाच्या करार-संग्रहात ऑनलाइन आहेत. त्यावरची चर्चा, म्हणजे २ जुलै १९७२ च्या शिमला करारावर सदस्य काय म्हणाले, ती मात्र संसदेच्या कार्यवाहीत.

पण राहाता, कोपरगाव, राहुरी, नेवाशाकडचे लोक ज्या कराराबद्दल विचारतात तो वेगळा: गोदावरीच्या पाण्याचा. महाराष्ट्र आणि आंध्र यांच्यात ६ ऑक्टोबर १९७५ रोजी करार झाला. पैठणच्या धरणस्थळापर्यंतचं गोदावरीचं पाणी महाराष्ट्राने वापरायचं, असं त्यात आहे. हा करार पुढे गोदावरी पाणीतंटा लवादाच्या १९८० च्या निवाड्याला जोडला गेला. तो विधानमंडळाच्या खंडात शोधू नका. लवादाचा अहवाल आणि करारांची जोडपत्रं केंद्रीय जलशक्ती मंत्रालयाच्या बाजूला ऑनलाइन मिळतात, फुकट. कार्यवाहीत मिळेल ती त्यावर झालेली प्रश्नोत्तरं. वरच्या धरणांनी खाली किती पाणी सोडायचं या आपल्या रोजच्या भांडणात २००५ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा येतो. तो राज्याचा कायदा आहे, म्हणून त्या विधेयकावरची चर्चा विधानमंडळाच्याच कार्यवाहीत. पाणीवापर संस्थेच्या नावाने अर्ज करू नका. माहितीचा अधिकार नागरिकाला आहे. संस्थेच्या लेटरहेडवर केलेला अर्ज त्या मुद्द्यावर परत येऊ शकतो. अध्यक्षांनी किंवा सचिवांनी स्वतःच्या नावाने करावा.

इनामाची सनद हा तिसरा प्रकार. तुकड्याच्या इनामाचा कागद तहांच्या पुस्तकात नसतो. आधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा, मग पुण्याचं पेशवे दफ्तर.

प्रत्यक्ष जायचंच असेल

अभिलेखागारं दोन उपयोगी: मुंबईत फोर्टमध्ये काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य अभिलेखागार आणि पुण्यातलं पेशवे दफ्तर. नगरहून पुणे साधारण १२० किलोमीटर, सकाळी निघून संध्याकाळी परत. एसटीत महिलांना निम्मं तिकीट, ६५ ते ७५ वयाला निम्मं, ७५ वरच्यांना फुकट. घरात इतिहासाची आवड असलेले आजोबा असतील तर त्यांनाच पाठवा, हा सल्ला अर्धाच गमतीचा आहे.

सोबत आधार किंवा दुसरं ओळखपत्र, त्याच्या दोन झेरॉक्स, दोन फोटो, आणि कॉलेजचं, संस्थेचं किंवा प्रकाशकाचं परिचयपत्र. पत्रात विषय आणि कालखंड लिहिलेला असू द्या. ‘इतिहास संशोधन’ एवढंच लिहिलंत तर आत गेल्यावर पुन्हा समजावून सांगावं लागेल. पेन्सिल न्या, मूळ कागदांजवळ शाईचं पेन चालत नाही. मोबाइलने फोटो काढायची परवानगी वेगळी घ्यावी लागते. स्कॅनचा आणि प्रतीचा दर तिथे लावलेला असतो. पानावर आहे की फाइलवर, आणि रंगीत प्रतीचा दर वेगळा आहे का, हे आधी विचारा. पावती घ्या. पहिल्या दिवशी कागद हातात येईल अशी आशा धरू नका: अर्ज, मागणीपत्र, शोध यात दिवस जातो. मुंबईला जाणार असाल तर मुक्कामाचा खर्च धरूनच निघा. हाच या सगळ्या कामातला सर्वांत मोठा खर्च, आणि तो कोणत्याच दरपत्रकात नसतो.

वारही बघा. राज्य शासनाची कार्यालयं २०२० पासून पाच दिवसांची आहेत, शनिवारी जाऊन कुलूप पाहू नका. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन नागपूरला असतं, विधानमंडळाचा कर्मचारीवर्ग तिकडे असतो. विधानभवनातल्या ग्रंथालयाचं काम तेव्हा काढू नका. मुंबईत अधिवेशन चालू असतानाही नको, प्रवेशपत्राला तोटा असतो. ते ग्रंथालय मुळात सदस्यांसाठी आहे. बाहेरच्या अभ्यासकाने लेखी परवानगी हातात आल्यावरच जावं.

पेशवे दफ्तरातला कागद मोडीत असेल तर वाचकाचे पैसे वेगळे. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. तिथे शिकलेले वाचक मिळतात. ठरवताना तीन गोष्टी लिहून घ्या: दर पानाला की ओळीला, देवनागरीत शब्दशः उतरवून देणार की नुसता सारांश, आणि न लागलेल्या शब्दांचं काय. सारांश कोर्टात चालत नाही. पूर्ण दस्तऐवज देण्याआधी एक पान वाचून घ्या आणि त्याचे पैसे देऊन टाका. पुढचं काम द्यायचं की नाही ते त्या पानावरून कळतं.

आणि पुण्याची बस पकडण्याआधी गावातली दोन दारं ठोठवा. १८३८ पासून चालू असलेलं जिल्हा वाचनालय आणि ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय. गॅझेटिअर, जुनी छापील पुस्तकं, स्थानिक कागद यासाठी इथे रिक्षाभाड्यापलीकडे फारसं काही जात नाही. तारीख आणि खंड इथे हाती लागले तर मुंबईचा अर्ज १५० शब्दांत नाही, चार ओळींत बसतो.